कुत्र्याचं वजन करण्याची आमची पद्धत

माणसांच्या डॉक्टरकडे पेशंट स्वतः खोटं बोलतो. आमच्याकडे पेशंट बिचारा जीभ बाहेर काढून खरं सांगत असतो आणि खोटं बोलायला त्याचा मालक सोबत आलेला असतो. त्यामुळे कुंभकोणम्‌मधल्या माझ्या दवाखान्यात किस्से कुत्र्यांच्या केसांसारखे साठतात. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा मूठभर असतातच.

मित्र जमले की मी ते रंगवून सांगायचो. हल्ली सांगताना मधेच अडखळतो. कारण बहुतेक किश्शांत शहाणपणा शिकवणारा मी असतो आणि तोंडघशीही मीच पडलेला असतो. त्यातला एक तर मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तो शेवटी सांगतो. आधी सांगितला तर बाकीचे सांगायला तोंड राहणार नाही.

*

आधी आमची पद्धत समजून घ्या. प्राण्यांसाठीचा सपाट वजनकाटा घ्यायचा, असं मी गेली नऊ वर्षं म्हणतोय. तोवर मालकानं आधी एकट्यानं काट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून उभं राहायचं, आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. सेल्वी ही माझी असिस्टंट. खरं म्हणजे दवाखाना तीच चालवते, मी फक्त इंजेक्शनं देतो. ती तिन्ही आकडे मोठ्यानं वाचते आणि वहीत तीन रकान्यांत लिहिते. माझं लक्ष फक्त तिसऱ्याकडे. तिनं पहिला आकडा वाचायला सुरुवात केली की मी म्हणतो, "लास्ट नंबर सांग, सेल्वी. लास्ट नंबर."

पितळेच्या भांड्यांचं मोठं दुकान असलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको जयंतीअम्मा आपला पग घेऊन आले. पग नवऱ्याच्या हातात राहीना, म्हणून काट्यावर अम्मालाच उभं राहावं लागलं. तिनं अट घातली, "माझा आकडा कुणी वाचायचा नाही." मी खिडकीबाहेर पाहिलं, नवऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं, सेल्वीनं ओठ मिटून आकडा लिहिला. सगळं नीट पार पडलं.

मग ती पगला घेऊन उभी राहिली. हा आकडा बघायला कुणी मनाई केली नव्हती, म्हणून नवऱ्यानं वळून पाहिला. ब्याण्णव. आणि मी आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात जाहीर केलं, "कुत्रा चौदा किलो! चार किलो जास्त आहे!"

दुकानदार माणूस, तोंडी गणितात पक्का. दोनच सेकंद लागले. "अठ्ठ्याहत्तर?" तो बायकोकडे बघून म्हणाला.

त्यानंतर पग ड्रायव्हरबरोबर यायला लागला. हा किस्सा मी दोन लग्नांत आणि एका मुंजीत सांगितला आहे. त्या बाईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, हे मला फार उशिरा सुचलं.

*

"काय खातो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "काही नाही, डॉक्टर. सकाळी एक इडली."

एक लॅब्रडॉर असा होता की त्याच्या पाठीवर कॉफीचा टंबलर ठेवला तरी हलला नसता. त्याची मालकीणही एका इडलीवर ठाम. मी म्हटलं, उद्या घरातल्या सगळ्यांना घेऊन या. सात माणसं आली. मी एकेकाला आत बोलावून विचारलं. प्रत्येकानं देवाशपथ सांगितलं, एकच इडली. सातही जण खरं बोलत होते.

मग मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. ते मी सगळ्यांना ऐकवतो. "माया करा, पण मापानं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. फक्त आजोबांनी विचारलं, "मग उद्यापासून ती एक इडली कुणी द्यायची?" कुत्रा आता पाच किलोनं उतरलाय, पण आजोबा आणि मधली सून अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

*

माझं वाक्य शब्दशः पाळणारा एकच माणूस मला भेटला. सखारामराव मामा.

मामा तिरुनीलक्कुडीहून ऑटोनं यायचे. आमच्यातलेच, मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलेल्या घराण्यांतले. इथले लोक आम्हा सगळ्यांना 'रायर' म्हणतात, आणि आम्ही घरात बोलतो ती मराठी पुण्याच्या पाहुण्यांना पणजोबांच्या पत्रातली वाटते. मामांचं आयुष्य आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात गेलं. रिटायर झाले, मुलगी परदेशी गेली, दोन वर्षांपूर्वी मामी वारल्या. घरात उरले मामा आणि लाडू. लाडू म्हणजे पांढरा स्पिट्झ. नाव मामींनी ठेवलेलं, आणि त्यानं ते सार्थ केलेलं. चौदा किलो! दहा पायऱ्या चढला की धापा टाकायचा.

"काय देता, मामा?"

"मी जें खातों तेंच. सांबारें, भात, दही. दोघांस मिळून एकच कुकर. लाडू अहे म्हणून कुकर लागतो."

मी म्हटलं, "मामा, भात बंद. घरात भात शिजला की हा मागणार आणि तुम्ही देणार. तेव्हा भात शिजवूच नका." ड्रॉवरमधून निळा प्लास्टिकचा कप काढून त्यांच्या हातात दिला. "कोरडं खाणं आणायचं. सकाळी अर्धा कप, संध्याकाळी अर्धा. एक दाणा जास्त नाही."

मामांनी कप उलटसुलट करून पाहिला. "मग कुकर कसाला लावूं, डॉक्टर? कुणासाठी?"

मी मोठ्यानं हसलो. मला तो विनोद वाटला, आणि पुढे मी तो बऱ्याच जणांना सांगितला.

मामांनी एक महिना चुकवला नाही. आठव्या महिन्यात लाडू दहा किलोवर आला आणि दवाखान्याच्या पायऱ्या पळत चढला. सेल्वीनं पहिल्या दिवशी लाडूला घेऊन काट्यावर उभ्या असलेल्या मामांचा फोटो काढला होता. तसाच दुसरा तिनं आता काढला. मी दोन्ही फ्रेम करून भिंतीवर लावले. खाली लिहिलं, 'लाडू : आधी आणि नंतर'. मग जो येईल त्याला मी फ्रेमकडे बोट दाखवून सुनवायचो, "सत्तरीतला एकटा माणूस हे करू शकतो. तुम्हाला काय धाड भरलीय?"

*

फ्रेमचा पहिला बळी एक रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्या बीगलसाठी मी छापील चार्ट दिला. उकडलेला भोपळा, तळलेलं बंद, गोड बंद, अंधार पडल्यावर खाणं बंद, रोज चाळीस मिनिटं चालणं. "स्वयंपाकघरात चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना पाळायला लावा," मी दटावलं.

तीन महिन्यांनी हेडमास्तर मिठाईचा डबा घेऊन आले. चेहरा उजळलेला, शर्ट ढगळ. त्यांची शुगर इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताब्यात आली होती. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आणि कुत्रा?" मी विचारलं.

"तो ऐकत नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या फीचं चीज झालं."

मी खूश होऊन मिठाई खाल्ली. चार्ट कुणासाठी लिहिला आणि पोचला कुणाला, याचा मी तेव्हा जरा विचार करायला हवा होता.

*

पुढचा किस्सा मी हसत सांगत नाही.

मीनाक्षी बँकेत काम करते. तिचा ब्रूनो देशी कुत्रा, डाएट अगदी काटेकोर. तरी दर महिन्याला किलोभर वाढायचा. मी तिला दोनदा झापलं. फ्रेम दाखवली. ती रडवेली होऊन म्हणाली, "डॉक्टर, मी खरंच काही देत नाही."

ती खरं बोलत होती. सेल्वी त्यांच्याच गल्लीत राहते, तिनंच शोध लावला. जेवायला बसण्याआधी घरोघरी कावळ्यासाठी भिंतीवर भाताची मूद ठेवतात. गल्लीतल्या कंपाउंडच्या भिंती बुटक्या. ब्रूनो त्या वेळेला एकेका भिंतीला पुढचे पाय लावून सगळा भात साफ करायचा. लोक खूश, की आपले पितर किती तत्पर आहेत!

मीनाक्षी पुन्हा आली तेव्हा बाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अम्मा, ब्रूनो नाही वाढत. तुमचे पितर दर महिन्याला किलोभर वाढतायत!"

बाक हसला. मीनाक्षी हसली नाही.

"अप्पांना जाऊन चार महिने झाले," ती हळूच म्हणाली. "आई रोज भात ठेवते. आत जाऊन परत येईपर्यंत संपलेला असतो. ती म्हणते, बघ, अप्पांनी आजही वाट पाहायला लावली नाही." मग तिनं ब्रूनोच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे अप्पा आलेच नव्हते का, डॉक्टर?"

मी म्हटलं, "आधी कावळेच येतात. हा मागाहून उरलेलं खातो. सेल्वीनं पाहिलंय." सेल्वीनं काहीही न पाहता मान डोलावली. आमच्या दवाखान्यात मालकाऐवजी डॉक्टर खोटं बोलल्याचा हा पहिलाच प्रसंग. मला त्या दिवशी जेवताना लाज वाटली, आणि अजूनही कावळ्याचा भात ठेवताना वाटते.

*

आता घरचं. माझा स्वतःचा कुत्रा रॉकी ढोल आहे.

मी कॉफी प्यायला बसलो की तो समोर येऊन बसतो. बिस्किट मी बुडवतो, पण अर्धं त्याचं. पेशंटांना दिसू नये म्हणून त्याला फिरायला मागच्या गल्लीनं नेतो. माझी बायको सुधा म्हणायची, "दिव्याखाली अंधार." मी म्हणायचो, "त्याचं हाडच मोठं आहे." हेच वाक्य दवाखान्यात कुणी म्हटलं तर मी त्याला दहा मिनिटं व्याख्यान देतो.

एकदा मी तंजावरला गेलेलो असताना सुधा रॉकीला घेऊन दवाखान्यात गेली. परत येऊन वही उघडतो तर सेल्वीच्या सुरेख अक्षरात नोंद. रॉकी, सहा किलो जास्त. शेऱ्याच्या जागी लिहिलेलं, 'मालकाला समज देणे.'

"मग दे समज," मी ओशाळून म्हटलं.

सेल्वी हातातलं काम न सोडता म्हणाली, "माया करा, सार, पण मापानं."

*

आणि हा शेवटचा.

लाडूचं वजन जागेवर आल्यावर मी मामांना म्हटलं होतं, आता दर महिन्याला यायची गरज नाही. पाच महिने ते आले नाहीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात जयंतीअम्मा स्वतः आल्या, वर्षभरानंतर. पगचं इंजेक्शन होतं. या वेळी मी शहाणपणा दाखवला, वजनाचं नावही काढलं नाही. अम्मा बाकावर बसून भिंतीवरची फ्रेम बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मी नेहमीच्या सवयीनं सुरू केलं, "बघा, चौदाचा दहावर आणला."

"कुत्रा तोच आहे, ते कळतंय," अम्मा म्हणाल्या. "पण दुसऱ्या फोटोत त्याला धरलंय कुणी?"

मी जवळ जाऊन पाहिलं. ती फ्रेम मी स्वतः खिळा ठोकून लावली होती. तिच्याकडे मी शेकडो वेळा बोट दाखवलं होतं.

सेल्वीनं वही आणली आणि लाडूचं पान काढलं. तिसरा रकाना मला पाठ होता. तिनं पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. त्रेसष्ट. बासष्ट. साठ. अठ्ठावन्न. सत्तावन्न. पंचावन्न. त्रेपन्न. एक्कावन्न.

"मी दर वेळी वाचत होते, सार," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, लास्ट नंबर."

इंजेक्शन झाल्यावर दवाखाना तिच्यावर टाकून मी स्कूटरवरून तिरुनीलक्कुडी गाठलं. दुपारचा एक वाजला होता. आधी लाडू धावत आला, चपळ, चकचकीत, पाठ्यपुस्तकात छापावा असा. त्याच्यामागून मामा आले. सदरा खांद्यावरून ओघळत होता. मला दारात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालें, डॉक्टर? लाडूचें वजन पुनः वाढलें की? मी एक दाणा जास्त दिला नाही, खरेंच."

"नाही मामा. लाडू उत्तम आहे."

"मग?"

काय सांगायचं ते वाटेत मी ठरवलं होतं. ते सोडून मी दारात चपलाच काढत बसलो. मामांनी आमच्या घरांत दारातल्या माणसाला विचारतात तेच विचारलं.

"तुम्ही जेवलांत की?"

"नाही," मी म्हटलं.

मामा एकदम ताठ झाले. "मग बसा. भात लावतों." आत जाऊन त्यांनी वरच्या फळीवरून कुकर काढला. पंच्यानं त्याची धूळ पुसली, दोनदा धुतला. तांदळाचा डबा उघडायला त्यांना जरा जोर लावावा लागला. लाडू त्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि शेपटी जमिनीवर आपटू लागला.

मग मामांनी ओट्यावरचा निळा कप उचलला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हांस किती घालूं, डॉक्टर? मला अर्धा पुरतो."