भागीचा कप

‘सरपोतदारांची सून’ या मालिकेत भागी नावाची एक मोलकरीण आहे. चारशे भाग झाले तरी तिला आडनाव नाही, नवरा आहे की वारला ते ठाऊक नाही, आणि बोलायला एकच वाक्य, ‘आले, बाईसाहेब.’ तेही बहुतेक वेळा पाठमोरं.

विनेशचा या भागीवर जीव. तो अलिबागला कचेरीबाहेरच्या टपरीत प्रतिज्ञापत्रं टाईप करायचा. गिऱ्हाईक नसलं की फोनवर, गोष्टींच्या एका अ‍ॅपवर, ‘रातराणी’ असं बाईमाणसाचं नाव घेऊन भागीची गोष्ट लिहायचा. मिशीवाली रातराणी!

भागीवर लिहिणारे आणखीही होते, आणि त्यांचं वाचून त्याला शिसारी यायची. एकीनं तिला सरपोतदारांची हरवलेली थोरली लेक करून टाकलं होतं. दुसऱ्यानं तिच्या ट्रंकेत डॉक्टरकीची पदवी ठेवली होती. म्हणजे मोलकरणीची कीव यायची, तर ती मुळात मोलकरीण नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं.

विनेशची भागी मोलकरीणच राहिली, कारण ती त्याची आई तुळशी होती. मांडव्याकडच्या एका बंगल्यावर बारा वर्षं कामाला. मालकीण रचना मॅडम शुक्रवारी मुंबईहून रो-रो बोटीनं गाडी घेऊन यायच्या नि रविवारी परत जायच्या.

त्याच्या गोष्टीचे बावीस भाग झाले, अकराशे वाचक जमले. त्यांत सगळ्यात जास्त रडायची ती ‘मोगरा ५२’. ‘भागीला मिठीत घ्यावंसं वाटतं,’ हे तिचं वाक्य विनेश दिवसातून चारदा वाचायचा.

एका शनिवारी आईची कंबर धरली, म्हणून गॅसची टाकी लावायला तो बंगल्यावर गेला. मॅडम झोपाळ्यावर बसून फोनमध्ये बघत डोळे पुसत होत्या.

“तुळशी, ऐक गं. ही रातराणी काय लिहिते!” त्या वाचू लागल्या, “‘बाईसाहेबांची जुनी चप्पल भागीला एक नंबर लहान होती. टाचा मागं जमिनीला घासायच्या. भागी म्हणायची, चप्पल कशी, अगदी नवी!’ मेलं पाणीच येतं डोळ्यांत. भागीला मिठीत घ्यावंसं वाटतं, असं लिहिलंय मी खाली.”

ही मोगरा! विनेशनं आईच्या पायांकडं पाहिलं. मॅडमच्या जुन्या चपलेतून टाचा अर्धा इंच बाहेर होत्या. मॅडमना त्या दिसल्या नाहीत. त्या नाक पुसत होत्या.

मग चहा झाला. विनेशला काचेच्या ग्लासात. आई मागच्या दारी गेली, धुण्याच्या दगडावर पालथा घातलेला, कान तुटलेला एक कप घेऊन आली आणि पुढं धरला. मॅडमनी किटली कपाला लागू न देता वरून धार सोडली.

“आये, हा कप...” मॅडम आत गेल्यावर विनेश म्हणाला.

“माझा हाय. गप पी.”

“किती वर्षं?”

“पी म्हनलं ना! थंड होतंय.”

याच बाईच्या आसवांवर तो दिवसातून चारदा फुगायचा. मॅडमची किळस आली, त्याहून जास्त स्वतःची.

परत येताना आई म्हणाली, “रातरानी कोन ती कळलं मना. माझ्या टाचा गावभर केल्यास, मेल्या.”

“राग आला?”

“लिवलंस बरं. पन चपलीचं न्हाय लिवायचं.”

त्यानं तेविसाव्या भागात कप लिहिला. तुटलेला कान, धुण्याचा दगड, वरून सोडलेली धार, काहीच सोडलं नाही. आता तरी मॅडम ओळखतील, त्यांची मान खाली जाईल आणि आईला घरातला कप मिळेल, एवढीच त्याची आशा.

पुढच्या शनिवारी दुपारी मोगरा फुलला. ‘शी! इतकी नीच माणसं अजून आहेत? त्या मालकिणीला फोडून काढलं पाहिजे.’

आई संध्याकाळी घरी आली ती हसतच. “मना वाचून दाखवलं. लय रडल्या. मंग चहा दिला.”

“त्याच कपात?”

“मंग काय चांदीच्या? पिऊन झाल्यावर दगडावर आपटला मी. हातातनं सुटला म्हनलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हनल्या, जाऊ दे गं, जुनाच होता.”

विनेशनं आईला कडकडून मिठी मारली. आईनं त्याला ढकललं. तिच्या अंगाला मासळीचा वास होता.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी गाडीतून कागदी पेल्यांची शंभराची चळत काढली. “घे गं तुळशी. आता फुटायची भीतीच नाही!”

आईनं ते सांगितलं, तसं विनेशनं तेवीसच्या तेवीस भाग पुसून टाकले. अकराशे वाचक गेले तर गेले. त्या बाईला रडायला आपली आई फुकट पुरवायची नाही, एवढं त्यानं ठरवलं.

शनिवारी आई तणतणत घरी आली. “पुसलंस कशाला रं? दिसभर डोकं खाल्लं माझं! ‘भागी गेली गं, तुळशी, भागी गेली!’ नाक काय गळतंय, डोळे काय गळतायत. मीच चहा करून दिला त्यांना.”

“आणि तुला?”

आईनं पदराची गाठ सोडली. आत आपल्या घरचा स्टीलचा पेला होता.

“ह्यात वतून घेतला. त्यांच्या म्होरं. रडत होत्या, दिसलं न्हाय.”