पिवळा दिवा

गाडी गॅरेजात नेली की मेकॅनिक आधी बोनेट उघडत नसे. मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचा, काजळी अंगठ्यानं चोळायचा आणि दमल्या आवाजात म्हणायचा, "बघूया की, सर." मी शाळेत शिकवतो, एवढंच त्याला माझ्याबद्दल माहीत होतं. गॅरेजात येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला तो 'पावणं' म्हणायचा. मला मात्र कित्येक वर्षं 'सर'.

माझ्या नव्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटला आणि गाडी चढाला ओढेना, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच बोट न फिरवता तपासायचं मशीन लावलं. मशीननं हवेच्या दाबाचा सेन्सर खराब सांगितला. त्यानं नवा बसवला. जवळच्या गडमुडशिंगीला जाऊन येईतो दिवा परत पेटला. मग दुसरा बसवला, तरी तेच.

"बल्बच काढून टाक की," शेजारचा टायरवाला म्हणाला. "सगळी तसंच करत्यात."

मेकॅनिक टायरवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सेन्सरला जाणारी रबरी नळी माझ्यापुढं धरली. खालच्या अंगाला ती चिरली होती.

"सेन्सर चांगलाच हुता. मशीन म्हणालं म्हणून मी नळी चाचपलीच न्हाय. परक्याची गाडी असल्यागत केलं."

त्यानं नवी नळी घातली, माझा जुना सेन्सर परत बसवला. दिवा विझला. मी आभार मानायला काच खाली केली. तो हात पुसत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "जावा आता, पावणं."