फुटायच्या आधी पास झालेला ठोकळा

अठ्ठावीस दिवस पुरे व्हायच्या आत कुठल्याही गोष्टीबद्दल मत देणं आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना मंजूर नव्हतं. डिप्लोमा करून मी पनवेलच्या ज्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तिथे बांधकामांवरून आलेले काँक्रीटचे ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवत आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनखाली दाबून फोडत. किती दाबाला फुटला, त्यावर काँक्रीट पास की नापास. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे काकांना सगळं जगच टाकीत घातलेलं दिसे. नवी सून कशी आहे, असं कुणी विचारलं की म्हणत, "आता कुटं आलीय? अठ्ठावीस दिस जाऊ दे." माझ्याबद्दलही त्यांनी साहेबांना हेच सांगितलं होतं. सगळे त्यांना अठ्ठाविसेकाका म्हणत. एका कंत्राटदाराने तर लग्नपत्रिकेवर 'श्री. अठ्ठाविसे' असंच नाव घातलं होतं, आणि काका त्या नावाने जाऊन जेवूनही आले.

ठोकळा मशिनमध्ये ठेवण्याआधी ते त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे आणि आकडा सांगायचे. "तेवीस." काटा तेवीसच्या आसपास थांबे. कधी चुकला तर ते मशिनकडे असं बघत, की मशिननेच माफी मागावी.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. पनवेलच्या आजूबाजूला इमारती उगवत होत्या आणि ठोकळे ठेवायला टाकी पुरेना. तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटर आणला. ठोकळ्यांची नोंद, कोणता कधी फोडायचा याची यादी, निकाल, रिपोर्ट, सगळं त्यात. त्याच्यासाठी एसी बसला, काचेचा दरवाजा बसला, बाहेर चपला काढायचा नियम झाला. आम्हा माणसांना मात्र पंखाच. काका त्याला 'जावई' म्हणू लागले. सिमेंटने माखलेल्या कपड्यांनी आत जायला त्यांना बंदी होती. ते दारात उभे राहून "बाय, लिव! एकवीस पॉइंट चार!" असं ओरडायचे आणि मी आत टाइप करायचे. निकाल ते आपल्या जाड वहीतही लिहीत. "जावयाचं काय सांगता येतंय, उद्या रुसंल," म्हणायचे. वीज गेली की जावई खरोखरच रुसायचा, आणि काका वही उघडून मोठ्या आनंदाने मला कालचे निकाल वाचून दाखवायचे.

त्या प्रोग्रॅममध्ये एक बटण होतं. दाबलं की वरची ओळ तशीच्या तशी खाली उतरायची. कंत्राटदार तोच, काम तेच, मग नाव-गाव पुन्हा का टाइप करा? मी त्या बटणाच्या प्रेमातच पडले होते. एका शनिवारी सकाळी नेरे गावाकडच्या एका शाळेच्या दुसऱ्या वर्गखोलीच्या स्लॅबची ओळ मी तशीच उतरवली. त्याबरोबर पहिल्या खोलीच्या ठोकळ्यांचे निकालही खाली उतरले. कॉम्प्युटरने 'पास' छापलं, साहेबांनी गठ्ठ्यात सही ठोकली आणि ते मुंबईला गेले. कंत्राटदाराचा माणूस स्कूटरवरून रिपोर्ट घेऊन गेला. तिथला ओव्हरसीअर कडक होता. पास रिपोर्ट पाहिल्याशिवाय स्लॅबखालचे टेकू काढू देत नसे.

दुपारी काचेचा दरवाजा ढकलून काका चपलांसकट आत आले. हातात ओलाकच्च ठोकळा. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. पाणी की-बोर्डच्या दिशेने निघालं.

"ह्यो तुज्या यादीत नाय. जावई म्हनतो, पास झाला. मंग फुटला कदी?"

ठोकळ्यावर नेऱ्याच्या शाळेतल्या दुसऱ्या खोलीचा नंबर होता. त्या स्लॅबखाली कामावरच्या कातकरी मजुरांनी चुली मांडल्या होत्या, हे मी मागच्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. साइटवर फोन नव्हता. तरी मी म्हटलं, "काका, आपण आत्ता फोडून बघू ना. पास झाला तर कुणाला कळणारही नाही."

"आनि नाय झाला तर? तवर टेकू निगाले असतील. चल."

ठोकळा टॉवेलात गुंडाळून काकांनी सहा आसनी रिक्षात मांडीवर घेतला. "नुसत्या तोंडाच्या बोलन्यावर तो कंत्राटदार इश्वास ठेवनार नाय." शेजारच्या म्हाताऱ्या बाईने टॉवेलातून गळणारं पाणी पाहिलं, देवच घेऊन चाललेत असं समजून हात जोडले. काकांनीही गंभीरपणे मान झुकवली. मला रडू येत होतं, तरी हसू आलं.

साइटवर दोन ओळी टेकू निघाले होते. कंत्राटदार रिपोर्ट नाचवत म्हणाला, "अहो, साहेबांची सही आहे!" काकांनी रिपोर्ट घेतला, वाळूवर ठेवला आणि त्यावर ठोकळा. "ज्याचा ह्यो रिपोर्ट हाय, तो अजून ओला हाय." मग माझ्याकडे वळले. "सांग तू."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "ठोकळे फोडलेलेच नाहीत."

कंत्राटदार जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण टेकू परत लागले, आणि बायकांनी चुली बाहेर हलवल्या. संध्याकाळी आम्ही त्या स्लॅबचे तिन्ही ठोकळे फोडले. काकांनी टकटक केली आणि आकडा सांगितलाच नाही. किमान वीसचा आकडा हवा होता, तिन्ही पंधराच्या आतबाहेर फुटले. पुढे तो स्लॅब पाडून नव्याने घातला.

सोमवारी साहेबांनी मला काढायचं ठरवलं. काका पुन्हा चपलांसकट आत आले.

"काडा. दुसरी येल, ती बी चुकंल. पन ती जाऊन सांगंल का नाय, ते तुमाला ठावं नाय. ही जाऊन आली."

"तुमच्या हातून नाही कधी असं झालं," साहेब म्हणाले.

"झालं होतं," काका म्हणाले. "मी नव्हतो गेलो."

आणि ते टाकीकडे निघून गेले. साहेबांनी मला काढलं नाही. काकांच्या त्या चुकीचं पुढे काय झालं होतं, हे ना साहेबांनी विचारलं ना मी. काका निवृत्त झाले, शिरढोणला आपल्या घरी वारले, तरी मला ते विचारायचा धीर झाला नाही. आता माझ्या हाताखाली चार मुलं आहेत. त्यांच्यातलं कुणी चुकलं की मी आधी त्याला गाडीत बसवून साइटवर पाठवते. रागवायचं ते तो परत आल्यावर.