डाव्या अंगाचं लाकूड

वडिलांच्या जुन्या मोटारगाडीची नऊ लाकडं मी होळीला दिली. पनवेलजवळ नेऱ्याला ज्या शेडमध्ये गाडी उभी होती, तिथे गावातली मंडळी लाकूडफाटा मागायला आली. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेला, भुसा व्हायला आलेला तो कचरा मी स्वतः उचलून दिला आणि वर नमस्कारही केला. दुसऱ्या दिवशी कळलं, की तो कचरा नव्हता. गाडीची डावी बाजू पुन्हा उभी करायचा तेवढाच नमुना होता, आणि तो गाडी दुरुस्त करणाऱ्या होडीमिस्त्रींनी महिनाभर खपून एकेक तुकडा सोडवून काढला होता.

त्या काळच्या गाड्यांचा पत्रा आतल्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. हे मला वडील असताना कधी कळलं नाही. एके दिवशी दार उघडलं आणि ते हातातच आलं, तेव्हा कळलं. सुतार बघायला आले, मान हलवून गेले. पळस्प्याचा वेल्डर म्हणाला, "आठ दिवसांत चौकोनी पाइपचा करून देतो." मग कुणीतरी उरणकडच्या या मिस्त्रींचं नाव सांगितलं. आयुष्यभर मासेमारीच्या होड्या बांधलेला माणूस. फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांचा रंधा खुंटीला लागला. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यावर त्यांचाच भरवसा नाही.

लाकडाला हात लावण्याआधी ते त्याचा वास घेत. पहिल्या दिवशी दाराच्या भगदाडात डोकं घालून ते इतका वेळ राहिले, की मला वाटलं डुलकी लागली.

"ताडपत्री कुनी घातली हिच्यावर?"

"मीच. शेड गळते, पावसाचं पाणी लागू नये म्हणून चांगली आवळून बांधली होती."

"पानी बाहेर रायलं, घाम आत. लाकूड पान्यानं मरत नाय शेठ, कोंडल्यानं मरतं. आमच्या होड्या पान्यातच असतात ना?"

वेल्डरच्या पाइपबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "करा की. मंग तिला गाडी नका म्हनू, कपाट म्हना. लाकूड जरा हलतं, म्हून वरचा पत्रा फाटत नाय. लोखंड हलायचं नाय." माझ्या अज्ञानावर ते कधी चिडले नाहीत. चिडायला जी उमेद लागते, ती फायबरने नेली असावी.

कुजलेला तुकडा त्यांनी कधी टाकला नाही. कोळशाने खूण करून ओळीत मांडत. "सडलेलं लाकूड खोटं बोलत नाय," म्हणत. होळीच्या दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले, पिशवी खुंटीला लावली आणि रिकाम्या वर्तमानपत्राकडे बघत उभे राहिले. मी काय केलं ते सांगितलं. ते गाडीच्या पायरीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुन्य लागंल तुमाला." बस्स. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मी लगेच अक्कल चालवली. "उजवी बाजू धड आहे ना? तीच उलटी करायची!"

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "तुमचा डावा कान उजव्याच्या खाली हाय. आईबापांनी केलेलं सारखं व्हत नाय, ही तं मानसांनी हातानं ठोकलेली गाडी."

मग त्यांनी पत्र्याच्या आतून काव फासली. दाराचा नवा खांब तिथे टेकवायचा, काढायचा, जिथे लाल लागलं तिथलं तेवढंच तासायचं, पुन्हा टेकवायचा. चैत्र गेला, वैशाख निम्मा गेला. चाळीसपर्यंत मी मोजलं, मग सोडून दिलं.

"बसला?"

"नाय."

"आता?"

"तुमी चहा ठेवा, शेठ."

त्या उन्हाळ्यात माझा चहा फार सुधारला.

एका दुपारी दार लागलं. आवाज असा, की कुणी पुस्तक मिटावं. मिस्त्रींनी चार वेळा उघडून लावलं. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता, ते हत्यारं पुसून पिशवीत भरायला लागले.

"मागल्या चाकावरची लाकडी कमान ऱ्हायली," ते म्हणाले, "ती माज्याच्यानं व्हनार नाय. हात आता रंध्याचं ऐकत नाय."

नऊ तुकडे समोर असते, तर कमान आणि खांब दोन्ही केव्हाच झाले असते. हे त्यांनी म्हटलं नाही. मीच हिशेब केला.

पुढच्या खेपेला ते शेवटचे आले. गोणपाटात गुंडाळून एक वाकडं लाकूड आणलं होतं. त्यांची स्वतःची होडी मोडली, तेव्हा तिची एक बरगडी त्यांनी ठेवून घेतली होती. "वाकडं काम वाकड्या लाकडातच निघतं. तुमीच करा. काव लावा, बगा, थोडंसंच काढा. घाय नको."

पावसाळाभर रविवार त्यात गेले. या टोकाला थोडं काढलं की ते टोक उंच वाटे, ते काढलं की हे. दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखं माझं चाललं होतं. अखेर कंटाळून मी ते "झालं" असं ठरवलं आणि पिशवीत घालून उरणला गेलो.

ते ओट्यावर बसले होते. मी बोललो तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखलं; डोळ्यांनी आता फक्त उजेड कळत होता. शेजारी त्यांच्या बायको सुकट निवडत होत्या. मी कमान त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी वास घेतला. मग अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, परत आणला, पुन्हा नेला.

"टोकाला जराशी फट राहतेय," मी म्हणालो, "पण तिथे पुट्टी भरून घेईन."

त्यांचा अंगठा त्या टोकाशी थांबला.

"बोला की काय तरी," बायको म्हणाल्या, "मानूस पनवेलवरनं आलाय."

मिस्त्रींनी ती कमान मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले.

"लाकूड चांगलं व्हतं," ते म्हणाले.