टाकीतला कडुलिंबाचा वास

ज्याचा काडीचाही दोष नव्हता अशा माणसाला मी मोठ्या मनानं माफ केलेलं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माफ केलं तेव्हा दोष कुणाचा हे मला चांगलं माहीत होतं. तो माझा होता. ज्याला माफ केलं तो माझा साडू.

नांदूरघाटला माझं खताचं दुकान आहे. खतं, बियाणं, फवारणीची औषधं, पाठीवरचे पंप. साडूचं गाव युसूफ वडगाव. त्याला गाड्यांचा नाद. चालू इंजिनाजवळ नुसता उभा राहून, मान जरा तिरकी करून तो ऐकायचा आणि सांगायचा, घ्या किंवा सोडा. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी त्याला सोबत घ्यायचं, मग निघायचं. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी, सात जणांची डिझेल गाडी मला दिली. किल्ली देताना म्हणाला, "पाव्हणं, हिच्यात ते निळ्या टोपणातलं पाणी तेवढं वेळेवर टाकीत जा. बाकी हिचं काय दुखणं न्हाई."

डिझेलच्या झाकणाशेजारी खरंच एक निळं झाकण होतं. त्यात टाकायच्या पाण्याची बादली पेट्रोल पंपावर मिळते. पुडक्यावरचं बारीक अक्षर वाचायची मला धंद्यानं लावलेली सवय. पहिली बादली घेतली तेव्हा वाचलं तर काय, युरिया आणि शुद्ध पाणी. म्हणजे माझी गाडी खत खात होती. मला तर मौजच वाटली. मोबाईलवर वाचत गेलो. हे पाणी तापलेल्या धुरावर फवारतात, उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो आणि धुरातला विषारी वायू त्यानं मरतो. आपण कापसावर फवारतो तसं ही गाडी स्वतःच्या धुरावर फवारत चालते. दुकानात येईल त्याला मी हे सांगत सुटलो.

मग एकदा पंपावर बादली संपलेली होती. मी घरी आलो, फुटलेल्या गोणीतला युरिया काढला. एक भाग युरिया, दोन भाग जारचं पाणी. विरघळताना बादली इतकी गार पडली की तिला बाहेरून घाम फुटला. ते बघत मी बराच वेळ बसून राहिलो. बायकोच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून दोनदा गाळून घेतलं आणि टाकीत ओतलं. चिक्कूपणा थोडा होता, नाही म्हणत नाही. पण खरी खुमखुमी वेगळी होती. जन्मभर युरिया विकला, आता मला पंपवाल्यानं युरिया शिकवायचा का?

गाडी गुमान चालली. मी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही दोघं युसूफ वडगावला निघालो होतो. वाटेत स्टिअरिंगमागच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. खाली अक्षरं आली की इतके किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा सुरू होणार नाही. आणि तो आकडा गाडीबरोबर खाली उतरायला लागला. बायको फुलं घ्यायला उतरली तेव्हा मी इंजिन बंदच केलं नाही.

साडूच्या दारात पोचलो. तो दिव्याकडं बघत म्हणाला, "निळं पाणी संपलं काय?"

"टाकी भरलेली हाय."

"पंपावरचंच ना?"

"मग काय शेतातलं?" मी म्हणालो आणि हसलो. तोही हसला, ओसरीवरचे सगळे हसले. त्या क्षणी मला पहिली शंका आली होती. म्हणून तर मी एवढ्या मोठ्यानं हसलो.

केजच्या गॅरेजवाल्यानं यंत्र लावून दिवा पुसून दिला. दोन दिवसांत तो पुन्हा लागला. मग त्यानं मान हलवून निकाल दिला की जुन्या गाडीत असंच असतंय, आधीच्या मालकानं आत काहीतरी करून ठेवलेलं असणार. बायको शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बघू." इतकाच माझा शब्द, पण तो तिला पुरला. त्या रात्री तिनं बहिणीला फोन लावला. तिकडून काय उत्तर आलं ठाऊक नाही, पण बोलणं लवकर तुटलं. त्यानंतरच्या वर्षी महालक्ष्म्यांना कुणी कुणाकडं गेलं नाही.

मला मात्र त्या दिवसांत दिव्यानं झपाटलं होतं. स्टिअरिंगखाली खोचायचं एक छोटं यंत्र मागवलं. ते मोबाईलशी जोडलं की गाडीच्या पोटातलं सगळं दिसतं. असं कळलं की फवाऱ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक, असे धुरातलं विष मोजणारे दोन पहारेकरी बसवलेले आहेत. अलीकडं आकडा जास्त हवा, पलीकडं कमी. माझ्या गाडीत दोन्हीकडं जवळजवळ सारखाच. म्हणजे फवारणीच होत नव्हती. हे वाचताना मला काय आनंद झाला! एखाद्या शेतकऱ्यानं पंप आणून टाकावा, औषधाला नावं ठेवावीत आणि मी नोझल काढून दाखवावं, हे तर माझं रोजचं काम. औषध न गाळता भरलं की नोझल बसतंच, म्हणजे तुंबतंच.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी निळं झाकण उघडलं, वाकलो आणि तसाच थांबलो. टाकीतून माझ्या दुकानाचा वास येत होता. शेतातल्या युरियाला हल्ली कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्या वासात मी दिवसभर बसतो, त्यामुळं गाळताना मला तो आलाच नव्हता. मोकळ्या हवेत, गाडीच्या अंगातून मात्र तो स्पष्ट आला.

फवारा खोलला. टोकावर पांढरा दगड धरला होता, माठाच्या बुडाला क्षार बसतो तसा, वर पिवळट तेलकटपणा. नखानं त्याचा टवका काढला. मी दोष शोधत निघालो होतो आणि माझ्याच दारात येऊन पोचलो होतो. टाकी रिकामी केली, गरम पाण्यानं फवारा धुतला, पंपावरची बादली आणून भरली. थोडी गाडी चालवल्यावर दिवा गेला. बायकोला म्हणालो, सेन्सर बदलला.

लगेच दुसऱ्या दिवशी साडू दुकानात आला. टवका तेव्हा बियाण्याच्या रिकाम्या पुडीत, गल्ल्यामागं पडलेला होता. त्यानं चहा हातात घेतला, पिला नाही.

"पाव्हणं, गाडी मी माघारी घेतो. माझ्याकडनं काय झालं असंल तर मला म्हाईत न्हाई. पण दोघी बहिणींचं बोलणं बंद पडलंय, ते काय बरं न्हाई."

बोलायची जागा तीच होती. पुडी हाताच्या अंतरावर होती. मी म्हणालो, "राऊ द्या पाव्हणं. तुमी काय मुद्दाम केलं असंल व्हय? झालं ते झालं."

तो चहा तसाच ठेवून उठला. माझे आभार मानून गेला.

त्यानंतर सोयऱ्यांत गाडी बघायला त्याला कुणी नेईनासं झालं. न्यायला लागले ते मला, कारण यंत्र माझ्याकडं. आणि मला ते काम आवडतं, हे लपवत नाही. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही तर कुणीतरी तो मुद्दाम मारून ठेवलाय. दिवा लागून विझत असेल पण गाडीच्या पोटातली सगळी नोंद कोरी असेल, तर ती कालच पुसलेली आहे. विकणाऱ्याच्या तोंडावर मी हे सांगतो तेव्हा माणसं माझ्याकडं आदरानं बघतात.

परवा मेहुण्याला, बायकोच्या भावाला, शिरूर कासारला एक जुना पिकअप बघायचा होता. ऊसतोडीला जायच्या आधी त्याला गाडी हवी होती. मी यंत्र घेऊन गेलो. साडूही आला होता. सवयीनं इंजिनाजवळ जाऊन त्यानं मान तिरकी केली, तर मेहुणा म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या भाऊ. दाजी बघतेत." तो निमूट मागं सरकला आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

पिकअप ठीक निघाला. निघताना साडू माझ्याजवळ आला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"पाव्हणं, त्या गाडीचं नेमकं काय निघालतं हो? भांडाया न्हाई इचारीत. मी लई डोकं चालवलं, पण मला काय घावलं न्हाई."

"फवारा बसला होता," मी म्हणालो.

"बसला? माझ्याकडं तर कदी न्हाई बसला." तो विचारात पडला. अगदी माझ्यासारखाच, एकदा डोक्यात शिरलं की सुटत नाही तसा. "कावून बसला असंल?"

मेहुण्यानं हाक मारली. मी हाकेच्या दिशेनं गेलो.

टाकीत दुकानातला युरिया मी ओतला, दिवा त्यानं लागला, आणि साडूनं दिलेली गाडी चांगली होती. हे मला त्याला, दोघी बहिणींच्या आणि मेहुण्याच्या समोर, अजून सांगायचं आहे.