प्रॅममधला वरवंटा

आमच्या घरात मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी टाचणीसुद्धा आणत नाहीत. पुण्याच्या जावयाला हे ठाऊक नव्हतं. लेक दुसऱ्या बाळंतपणाला कोल्हापुरात माझ्याकडे आली आणि तिच्या मागोमाग कुरिअरने प्रॅम आली.

पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तिला त्रास नको म्हणून मी ते तिला बघूच दिलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही दोघींनी तो विषय काढला नव्हता. त्यामुळे दारातली रिकामी गाडी मला बघवेना. परत पाठवावी तर जावई दुखावणार. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, तसा मी वरवंटा रुमालात गुंडाळून गाडीत ठेवला. निदान रिकामी तरी नको. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण असल्या बाबतीत माझी अक्कल गहाणच असते.

मग नेहमीची खोड उफाळली. प्रॅम हा शब्द आला कुठून? जाडजूड कोश काढला. बाबागाडीची प्रॅम म्हणजे एका लांबलचक लॅटिन वळणाच्या शब्दाचा तुकडा. मुळात हिंडणं-फिरणं. इथवर ठीक. पण खाली दुसरी नोंद होती: प्रॅम, सपाट बुडाची होडी. हा शब्द निराळाच. डचांकडून आलेला, त्यांच्याकडे स्लाव्ह मुलखातून. त्याच्या मुळाशी पलीकडे नेणं, म्हणजे आपल्या 'पार'चा लांबचा भाऊबंदच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसावा आणि नाव मात्र एकच, याचा मला इतका आनंद झाला की लेकीला बोलावून सगळं वाचून दाखवलं.

ती कॉटवर बसून ऐकत होती.

"पलीकडं म्हंजे कुठं गं?"

"नदीच्या. माणसं, गुरं, ओझी न्यायची."

तिने प्रॅम पायाने जवळ ओढली आणि वरवंट्यावरचा रुमाल सारखा केला.

"आई, पयल्याचं तोंड कसं हुतं? तू बघितलंस की."

मी कोश मिटला. मला फार लाज वाटली.

"तुझ्यासारखं. हनुवटीला खळी हुती."

ती बराच वेळ स्वतःची हनुवटी चाचपत राहिली.

"एवढं सांगायला दोन वर्षं लागली व्हय तुला?"