देवाला मराठी येतं

धरणाचे दरवाजे पावसाळ्यात उघडतात, आमच्या शेजारकाकांचा राग बारमाही वाहतो. भातसानगरच्या वसाहतीत आमची भिंतीला भिंत. काका मूळचे नगरकडचे, धरणावरून निवृत्त झालेले आणि तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. एवढं कळलं की लोक त्यांच्याशी इंग्रजी फाडायला लागतात आणि तिथेच काकांचं डोकं फिरतं. शहापूरच्या बाजारात एका भाजीवाल्याने विचारलं, "हॅपी ख्रिसमस अंकल, केक कुठाय?" काकांनी पिशवी खाली ठेवली. "नाताळ म्हण. आणि केक नाही, करंज्या केल्यात. खायला ये, पण मराठीत ये." बँकेतल्या साहेबाने इंग्रजीत बसायला सांगितलं, तर काका काम होईपर्यंत उभेच. कुणी "तुमचा धर्म इंग्रजांचाच ना?" म्हणालं की मग त्याची धडगत नसे. "येशू काय लंडनला जन्मला होता? माझ्या देवाला मराठी येतं. येत नसतं, तर माझ्या आज्याने त्याला धरलंच नसतं." हे ऐकताना माझंही रक्त उसळे. देव कुठला यावरून माणसाची मायबोली ठरवायची, ही कुठली रीत?

पण खरं सांगतो, मला काकांचाही संताप यायचा. काकी सिद्धगडाच्या पायथ्याची. लग्न केलं, नवऱ्याचा देव आपलासा केला, बोली मात्र माहेरचीच ठेवली. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थना असे. एकेकाने मोठ्याने देवाकडे मागणं मागायचं. मीही कोपऱ्यात बसायचो. एकदा काकीचा नंबर आला. "देवा, आमाला काय नको. पोरांना बरा ठेव, भाताला पानी दे." तेवढ्यात काका डोळे उघडून म्हणाले, "अगं, देवापुढे तरी शुद्ध बोल." झालं. त्या दिवसापासून काकी नुसतं "आमेन" म्हणायची. जगाशी मराठीसाठी भांडणाऱ्या माणसाने घरातलीच जीभ बंद केली होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

गेल्या वर्षी काकी अंथरुणाला खिळली. मुंबईहून एक प्रार्थना करणारे गृहस्थ आले आणि उशाशी उभे राहून इंग्रजीत सुरू झाले. काकांनी त्यांना मध्येच थांबवलं. "तिच्यासाठी काय मागताय, ते तिला कळू द्या."

काकी काकांकडे बघून हळूच म्हणाली, "तुमी मागता, ता तरी मना कुठं सगला कलता?"

काकांचा चेहरा पार उतरला. ते तिच्याजवळ खाली बसले. "मग तू माग. मी ऐकतो."

"देवा," काकी म्हणाली, "या मानसाचा राग जरा कमी कर रे. मी गेल्यावर याला कोन सांभालंल?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता चूक काढणार. ते "आमेन" म्हणाले.

काकी गेली. देवाने तिचं मागणं अजून काही मनावर घेतलेलं नाही. परवाच काका बँकेत पुन्हा उभे राहून आले. रविवारची प्रार्थना चालू आहे. काका आधी आपलं मागणं मागतात, शुद्ध, घडीच्या धोतरासारखं. मग काकीचा नंबर येतो. काका तिच्या जागेकडे तोंड करून म्हणतात, "देवा, आमाला काय नको."